उखर्डूची सैल बाज

उखर्डूच्या उजव्या पोटरीवर तापी होती. गुडघ्यामागच्या खळगीतून ती निळी-जांभळी निघायची, वळणं घेत घोट्याकडे उतरायची, आणि वाटेत पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा तिला जिथं मिळायला हव्यात तिथंच मिळायच्या. तिसरीचा जिल्ह्याचा धडा आला की आमच्या शाळेचे मास्तर पोरांची रांग घेऊन उखर्डूच्या ओट्यावर यायचे. "उखर्डूभाऊ, जरा धोतर वर घ्या," म्हणायचे आणि छडीच्या टोकानं एकेक नदी दाखवायचे. अनेर तेवढी चुकीच्या काठानं येते अशी त्यांची तक्रार होती, पण ती सुधारणं उखर्डूच्या हातात नव्हतं. एका वर्षी परीक्षेत विचारलं, पांझरा तापीला कुठं मिळते? अर्ध्या वर्गानं लिहिलं, घोट्याच्या वर चार बोटं. मास्तरांनी पूर्ण मार्क दिले. ते पेपर मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

आमचं गाव सावदा आणि रावेरच्या मधे, केळीच्या बागांत. उखर्डूनं चाळीस वर्षं केळीची कापणी केली. सकाळी बागेत उभा राहिला की ट्रक भरेपर्यंत बसायचं नाही, हा त्याचा नेम. त्या उभं राहण्यानंच पायावर नद्या आल्या. पण त्याची तक्रार नव्हती. दिवसभर पाय ओढायचे, सुजायचे. रात्री बाजेवर पडला की सकाळी नवे पाय.

आता बाजेचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. अंबाडीच्या दोरीची बाज, उखर्डूच्या लग्नाच्या वर्षी विणलेली. बत्तीस वर्षं एकच माणूस एकाच जागी झोपला. मधली वीण अशी खोल गेली की उखर्डू तीत निजला की बाजूनं बघणाऱ्याला इकडं नाक आणि तिकडं अंगठे एवढंच दिसायचं. एकदा शेजारच्या पुनाची शेळी तीत उतरली, तिला वर काढायला दोघं लागले. कमलबाईला, म्हणजे उखर्डूच्या बायकोला, ती बाज डोळ्यांपुढं नको झाली होती. झाडताना केरसुणी खालून जायची नाही. "माणसाच्या घरात पलंग असतो," ती म्हणायची, "आमच्या घरात खड्डा हाये, आन् त्याले चार पाय हायेत."

मागच्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उखर्डूची लेक पुनम माहेरी आली. तिला पोचवायला धुळ्याहून तिचे सासरे प्रेमराज आले होते. प्रेमराज म्हणजे एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. बुटके, गोल, स्वभावानं खडीसाखर. आमरस आणि पुरणपोळी असं दडपून जेवले की ओट्यावरच्या बाजेवर जरा टेकतो म्हणाले आणि चार तास टेकले. चहाच्या वेळेला कमलबाईनं हाक मारली, तर बाजेच्या आतूनच आवाज आला, "काय बाज शे हो व्याही! उठानं मनच व्हत नही."

कमलबाईनं ही संधी सोडली नाही. "इतकी आवडली? मंग घेऊन जा. आमच्याकडून लेकीच्या घराले भेट."

उखर्डूच्या हातातला चहा बशीत सांडला. पण व्याह्यांच्या देखत बोलला गेलेला शब्द तो. संध्याकाळी बाज टेम्पोच्या टपावर दोरखंडानं आवळली गेली आणि धुळ्याला गेली. दुसऱ्या दिवशी घरात लोखंडी पलंग आला, वर प्लायवूड, त्यावर टणक गादी. सपाट. त्यावर लिंबू ठेवलं तर लिंबूसुद्धा विचार करायचं, कुठं जाऊ.

तिसऱ्या दिवसापासून उखर्डूचं डोकं दुखायला लागलं.

साधं दुखणं नव्हतं ते. सकाळी डोळा उघडला की डोक्यात कुणीतरी भरलेला ट्रक पहिल्या गियरात घाटावर चढवतोय असं. खोकला की दुप्पट. चपला घालायला वाकला की चौपट. उठून दोन-तीन तास हिंडला-फिरला की उतरायचं, दुपारी वामकुक्षीला आडवा झाला की पुन्हा सुरू. कपाळावर कमलबाईनं सुंठ उगाळून लावली, फडका आवळून बांधला. फडका असा बांधायची की उखर्डूच्या भुवया कानांना भेटायच्या. फरक नाही. उखर्डू कापणीला जाईना. बागेत वाकलं की डोळ्यांपुढं काजवे, आणि वाकल्याशिवाय केळीची कापणी होत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा कोयता खुंटीला लागला.

शेवटी मी, म्हणजे त्याचा दोस्त नाना, त्याला जळगावला नेलं. दवाखाना नवरा-बायकोचा. तळमजल्यावर डॉक्टर प्रशील, पायांच्या शिरांचे. वरच्या मजल्यावर डॉक्टर समीक्षा, डोक्याच्या. आम्हाला जायचं होतं वर, पण जिना चढताना प्रशील साहेबांची नजर उखर्डूच्या पोटरीवर पडली आणि त्यांनी आम्हाला जिन्यातूनच खाली उतरवलं.

"बाबा, शीर म्हणजे रक्ताची परतीची वाट," ते म्हणाले. "आत झडपा असतात. रक्त वर जाऊ देतात, मागं येऊ देत नाहीत. तुमच्या झडपा सैल झाल्यात."

"म्हंजे मोटरच्या पाइपाचा खालचा व्हॉल गळते आन् पाणी पुन्हा विहिरीत उतरते, तसं," उखर्डू म्हणाला.

"अगदी तसं. हे घट्ट मोजे दिवसभर घालायचे, आणि झोपताना पाय उंच ठेवायचे. रक्त वर जाईल."

उखर्डूनं पाय मागं घेतला. "नको साहेब. वर आधीच गर्दी हाये. डोकं फुटून ऱ्हायलं. खाली जे हाये ते खालीच ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर हसले. "पायातलं रक्त डोक्यात जात नाही हो. हृदयात जातं. डोक्याची वाट निराळी आहे, ती मॅडम बघतील."

मॅडमनी शांतपणे सगळं विचारलं. केव्हा दुखतं, आडवं झाल्यावर का, खोकल्यावर का, उभं राहिल्यावर उतरतं का. मानेवर यंत्र फिरवलं, आणखी दोन तपासण्या केल्या. मग म्हणाल्या, "डोक्यातलं रक्त मानेतल्या शिरांमधून खाली उतरतं. तुमची एक शीर सपाट झोपल्यावर दबते. वरचं रक्त तुंबतं, म्हणून दुखतं. सगळ्यांचं असं होत नाही, फार थोड्यांचं होतं."

"म्हंजे खालचं वर जाईना आन् वरचं खाली येईना."

"थोडक्यात तसंच. गोळ्या देते. पण मुख्य म्हणजे डोकं उंच ठेवून झोपायचं."

"खालचे साहेब म्हणे पाय उंच ठेवून झोपा."

मॅडमनी फोन उचलला. "अहो, या बाबांना तुम्ही पाय वर ठेवायला सांगितलेत?" पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर आलं. मॅडम म्हणाल्या, "ते तुमच्या मजल्यावर ठीक आहे." पुन्हा लांबलचक उत्तर. फोन ठेवून त्या आम्हाला म्हणाल्या, "दोघांचंही ऐका."

परतीच्या बसमधे भुसावळपर्यंत उखर्डू दोन्ही चिठ्ठ्या उलटसुलट करून बघत होता. मग म्हणाला, "नाना, हे दोघं एका घरात झोपत कसे असतीन?"

त्यानंतर त्या लोखंडी पलंगाचे जे हाल झाले ते सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगतो. डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, तर पायांत नद्यांना पूर. पायांकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, तर डोक्यात ट्रक. दोन्हीकडं ठेवल्या, तर पलंग उंच झाला आणि सपाटच राहिला, हे सकाळी उतरायला शिडी लागली तेव्हा लक्षात आलं. दोन्हीकडं उशा रचल्या, तर प्लायवूडवरून घसरत घसरत उखर्डू कुठल्या तरी एका टोकाला जमा व्हायचा. मोजे घालायला सकाळी मी आणि कमलबाई दोघं लागायचो. मी मोजा ओढायचो आणि कमलबाई नवऱ्याला.

मग एका दुपारी गंमत झाली. बागेत ट्रॉली रिकामी उभी होती, तळाशी केळीच्या पानांचा गादीसारखा थर. उखर्डू नुसता देखरेखीला आला होता, त्यात कलंडला. दोन तास झोपला. मी उठवायला गेलो, तर हा उठून बसलेला, मुद्दाम खोकून बघत होता. मग वाकून चप्पल घातली. काढली. पुन्हा वाकून घातली.

"दुखत नाही," तो म्हणाला.

मी ट्रॉलीत डोकावलो. पानं दोन्ही टोकांना उंच, मधे खोलगट. त्याच्या अंगाचा साचा तसाच उमटला होता. केळ्याचा.

"उखर्डू," मी म्हटलं, "चाळीस वर्षं जे वाहिलंस त्याच्यासारखं झोपायचं हाये तुले. दोन्ही टोकं वर."

त्यानं त्या साच्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "माही बाज."

नवी बाज विणून बघितली. पुनानं विणली, तर ती ढोलकीसारखी ताठ, बोटानं वाजायची. सैल विणायला सांगितली, तर उखर्डूसकट जमिनीला टेकली. बत्तीस वर्षांचा खड्डा चार दिवसांत कुठून येणार? मी म्हटलं झोळी बांधा. कमलबाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी शब्द परत घेतला. "साठीच्या माणसाले झोळीत घालू? म्हंजे गावातल्या बाया येतीन आन् झोका देऊन जातीन?"

तेव्हा एकच वाट उरली: धुळे. आणि तीच बंद होती. आमच्याकडं लेकीच्या सासरी दिलेली वस्तू परत मागत नाहीत. चमचासुद्धा. मागणाऱ्याचं काही जात नाही, लेकीची मान जन्मभर खाली जाते.

कमलबाईनं निघताना उखर्डूकडून शपथ घेतली. "वांगे घेऊन चालले, लेकीले भेटून या. पण तोंडातून बाज हा शब्द निघाला तर या उंबऱ्याच्या आत येऊ नका. डोकं दुखलं तर बाम हाये. पुनमची मान खाली गेली तर तिच्यावर बाम नाही."

रस्त्यात मी उखर्डूला म्हटलं, "शपथ तुही हाये. माही नाही. तू फक्त पाय दाखव, तोंड मी चालवतो."

धुळ्याला पोचलो. बाहेरच्या खोलीतच बाज, वर फुलाफुलांची चादर. उखर्डूनं तिच्याकडं असं पाहिलं की मला दुसरीकडं बघावं लागलं. प्रेमराजांनी कवेत घेतलं, "या व्याही, बठ्ठं बरं शे ना?" पुनमनं वांगी हातात घेतली आणि भरिताची तयारी करायला आत गेली.

मी विषय काढला. फार खोटं बोललो नाही. एवढंच म्हटलं की या बाजेची अंबाडी सातपुड्याच्या पायथ्याला एका अशा शेतातली आहे जिथं जमिनीखालून पाणी वाहतं. त्या दोरीला वाहायची सवय असते. जो माणूस वर्षभर तिच्यावर झोपतो, त्याच्या अंगात ती नद्या उतरवते. पायातून सुरू होतं, डोक्यात जाऊन साचतं. "उखर्डू, पाय दाखव," मी म्हटलं. उखर्डूनं धोतर वर केलं.

प्रेमराज खाली वाकून बघत राहिले. मग घाईनं स्वतःची विजार वर ओढली. गोऱ्या पोटरीवर, घोट्याच्या वर, एक बारीक निळी रेघ होती. प्रत्येकालाच असते.

"ही पांझरा," मी गंभीरपणे म्हटलं. "तुमच्या गावची म्हणून आधी आली. तापी पावसाळ्यात उतरेल."

मला वाटलं आता ते म्हणतील, घेऊन जा बुवा ही बला. प्रेमराज उठले, मागच्या अंगणात गेले आणि कुऱ्हाड घेऊन आले.

"तुम्ही सांगं ते बरं करं, नाना," ते म्हणाले. "असली बला माणसाले परत तरी कशी देवानी? व्याही आधीच आजारी शेतस. आत्ते फोडस, बंबात घालस."

माझीच थाप माझ्यावर उलटली. असं माझ्या आयुष्यात त्याच दिवशी झालं. उखर्डूनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडात शपथ होती. तो सावकाश उठला, बाजेपाशी गेला, चादर बाजूला केली आणि तीत उतरला. नाक इकडं, अंगठे तिकडं.

"जरा आडवा होतो," खड्ड्यातून आवाज आला. "प्रवासानं थकलो."

आणि घोरायला लागला. सोंग असेल म्हणून मी तळव्याला गुदगुल्या करून बघितल्या. हलला नाही. सहा महिन्यांची झोप होती ती, एकदम आली.

प्रेमराज कुऱ्हाड घेऊन उभे. व्याही निजलेला असताना बाज फोडता येत नाही, व्याह्याला उठवताही येत नाही. त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं आणि आवाज खाली आणला.

"नाना, तुमले सांगस. मी ती बाजमुळे मरी ऱ्हायनू. मी बुटका माणूस. त्या खड्डामा मनं डोकंबी जास आन् पायबी जास. सहा महिना व्हयनात, पाठ मोडी गई."

"मग आखाजीला इतकी तारीफ काहून केली?"

ते लाजले. "उठताच ये नव्हतं. आमरस जास्त व्हयना व्हता. चार तास मी झोपेल नव्हतू, निंघानं कसं याना इचार करत व्हतू. हाक मारी तं काय सांगू, खड्डामा फसनू? म्हणीसन तारीफ करी."

"मग परत धाडायची."

"सूनना माहेरनी भेट परत धाडू? पुनमले काय वाटी? म्हणीसन रोज तिना देखत तिच्यावरच झोपस. आज तुम्ही नद्यास्नं सांगं तव्हय वाटनं, देवनीच सुटका धाडी."

म्हणजे बघा. एकजण बाजेवाचून मरत होता, दुसरा बाजेमुळे, आणि दोघंही एकाच पोरीची मान राखत होते.

ती पोरगी स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. चहावर साय धरली होती. तिनं कप खाली ठेवले, बाजेत वाकून बापाचा चेहरा बघितला, घडी मोडलेला त्याचा रुमाल सरळ केला, आणि सासऱ्यांना म्हणाली,

"बापू, ती बाज फोडू नका. मला लागणार आहे."

"तुले? कसाले?"

"बाळंतिणीला बाज लागते. आणि पहिलं बाळंतपण माहेरी असतं. म्हणजे बाजही माहेरी जाईल. माझी आहे ना ती? मी सातव्यात जाईन, बाज आज जाऊ दे. हे दोघं आलेच आहेत, उगाच वेगळी खेप कशाला?"

प्रेमराजांच्या हातातली कुऱ्हाड भिंतीला टेकली. डोळ्यांत पाणी आलं. ते आजोबा होणार म्हणून आलं की पाठीची सुटका झाली म्हणून, हे मी ठरवू शकत नाही. ते लगेच ट्रक बघायला गेले.

मी पुनमला हळूच विचारलं, "पोरी, खरंच का?"

"तिसरा लागलाय," ती म्हणाली. "खरंच का, हे तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं, नाना."

केळी उतरवून रावेरकडं रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला. उखर्डूला उठवायचा आम्ही प्रयत्न केला, नाही उठला. शेवटी सहा हमालांनी बाज त्याच्यासकट उचलून ट्रकमधे ठेवली. पारोळ्याच्या पुढं त्यानं डोळे उघडले.

"नाना, कुठं हाओत?"

"एरंडोल आलं."

"बाज?"

"तू तिच्यातच हायेस."

त्यानं दोन्ही हातांनी कडेच्या दोऱ्या चाचपल्या, एकदा मुद्दाम खोकून बघितलं, आणि पुन्हा झोपला. घरी उंबऱ्याशी कमलबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. सगळी हकिकत ऐकल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला: "यांनी शब्द काढला?" मी म्हटलं, "घोरण्याशिवाय एक नाही." मग तिनं लिंबलोण उतरवलं. कुणावरून? बाजेवरून.

आठ दिवसांत डोकं शांत झालं. मॅडमनी गोळ्या कमी केल्या. साहेबांनी मोजे चालूच ठेवले. कोयता खुंटीवरून उतरला. थंडी सरली, पुनम सातव्यात आली, आणि आखाजीनंतर आठवड्याभरात तिला मुलगी झाली.

मग सव्वा महिना बाज बाळंतिणीची. हे तर ठरलेलंच होतं, बाज आलीच होती त्या नावानं. उखर्डू उशी घेऊन प्लायवूडवर गेला. दुसऱ्या सकाळी ट्रक घाट चढायला लागला. तिसऱ्या दिवशी कमलबाईनं त्याच्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि पेटीतलं आपलं जुनं नऊवारी लुगडं काढलं. वरच्या दांडीला दोर टाकून तिनं स्वतः झोळी बांधली. बाळाच्या झोळीशेजारीच.

"गावातल्या बाया आल्या तर?" मी विचारलं.

"येऊ द्या. नात पाहाले आल्या तर आजाही पाहून जातीन."

बाया आल्याही. बारशाला आलेल्या निम्म्या बायकांनी आधी मोठ्या झोळीत डोकावलं. कमलबाई मधे पाटावर बसायची, डाव्या हातात एक दोरी, उजव्या हातात दुसरी. एका बाजूनं कुरकुर आली की ती दोरी ओढायची. दिवस गेल्यावर दोन्ही कुरकुरींतला फरक तिलाही कळेना.

जूनमधे शाळा उघडली. मास्तर तिसरीची नवी रांग घेऊन आले. झोळीतून उखर्डूचा उजवा पाय बाहेर लोंबत होता. मास्तरांनी छडी सरसावली आणि थबकले. मोज्यांनी आणि वर केलेल्या पायांनी आपलं काम केलं होतं. तापी रोडावली होती. गिरणा दिसत होती, वाघूर अंधुक. मास्तर वाकून वाकून घोट्यापाशी शोधायला लागले.

"कमलबाई, पांझरा कुठं गेली?"

कमलबाईनं दोन्ही दोऱ्या थांबवल्या. "हळू बोला मास्तर," ती म्हणाली. "दोघं आताच झोपले."